फरशीवर डाइव्ह मारणाऱ्या गोलकीपरच्या आईला

"सर, नमस्कार. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. कोल्हापुरातच एका अकादमीत फुटबॉल खेळतो, गोलकीपर आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी प्रॅक्टिस असते, पण सगळ्या मुलांना मिळून सर एकच. कीपरांच्या वाट्याला शेवटची दहा-पंधरा मिनिटं येतात. मागच्या महिन्यात मॅचमध्ये एक साधा बॉल याच्या हातातून सुटला, गोल झाला आणि मॅच गेली. तेव्हापासून घरात नुसता धुमाकूळ. हॉलमध्ये फरशीवर डाइव्ह मारतो, सोफ्यावरून गादीवर उड्या टाकतो. मोबाइलवर परदेशी कीपरांचे रील बघायचे आणि तसंच करायचं. परवा उजवं कोपर सुजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन बोलून गेल्या. त्यात मित्र चिडवतात की तू बुटका, तू काय कीपर होणार. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. बंद कर म्हणावं तर तेही होत नाही, कारण इतक्या मनापासून तो दुसरं काहीच करत नाही. आमच्याकडे वर गच्ची आहे, खाली पार्किंग आहे. घरी त्याला काय करू द्यावं आणि काय नाही, सांगाल का? – एक आई, कोल्हापूर"

ताई, नमस्कार.

आधी कोपराचं बघू. हात पूर्ण सरळ होत नसेल, हाडावर बोट ठेवल्यावर तो कळवळत असेल किंवा सूज अजून तशीच असेल, तर तेल-मालिश आणि हळदीचा लेप करत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. तिथला मार मोठ्या माणसाच्या मुक्या मारासारखा अंगावर काढायचा नसतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हातात बॉल नको. तोवर पायांचं काम करू द्या, ते मी पुढे सांगतोच.

आता फरशी. तुम्हाला दुखापतीची काळजी आहे, मला त्याहून जास्त काळजी सवयीची आहे. कीपर पडतो तो कुशीवर. पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, कंबर, बरगड्यांची बाजू, खांदा, अशा क्रमाने अंग जमिनीला टेकत जातं आणि मार सगळ्या अंगावर वाटला जातो. हे मातीवर किंवा गवतावर जमतं. फरशीवर पडताना शरीर स्वतःला वाचवायला बघतं, त्यामुळे कोपर किंवा तळहात आपोआप आधी खाली जातो. चार महिने फरशीवर असं पडलं की तेच अंगात मुरतं. मग मैदानातल्या मऊ गवतावरसुद्धा हा कोपरावरच पडणार, आणि कोपर जमिनीला टेकलं की त्या धक्क्याने बॉल हातातून सुटणार. म्हणजे जे सुधारायला तो धडपडतोय, तेच बिघडतंय. सोफ्यावरून गादीवर उडी मारणं हे तर डाइव्ह नव्हेच, ते पोहण्याच्या तलावातलं पोटावर पडणं आहे. घरातली डाइव्ह आजपासून बंद. त्याला सांगताना "काकू ओरडतात म्हणून" असं सांगू नका, "तुझी डाइव्ह बिघडते म्हणून" असं सांगा. कीपरला दुसरं कारण पटतं.

रीलबद्दलही एक बोलून घेतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात झेप दिसते, झेपेआधी काय झालं ते कापलेलं असतं. कीपर कुठे उभा होता, स्ट्रायकरने, म्हणजे समोरून गोल मारायला आलेल्या खेळाडूने, मान खाली घातली तेव्हा याचे पाय काय करत होते, बचावपटूंना ओरडून काय सांगत होता, यातलं काही दिसत नाही. मुलांना वाटतं कीपर म्हणजे उडणारा माणूस. चांगल्या कीपरला खरं तर कमी उडावं लागतं, कारण तो आधीच बॉलच्या रेषेत जाऊन उभा असतो. त्याला बघायचंच असेल तर एखादी पूर्ण मॅच लावून द्या आणि सांगा, दहा मिनिटं फक्त कीपरकडे बघ, बॉल समोरच्या टोकाला असतानासुद्धा. तो किती चालतो, कुठे थांबतो, हे मोजत बसला की मोबाइलचा थोडा तरी उपयोग झाला म्हणायचा.

आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ: साधा बॉल हातातून सुटला. त्या गोलाला डाइव्हचं औषध लागू पडत नाही. तो हातांचा प्रश्न आहे. हातांचा सराव घरात, अगदी हॉलमध्ये, काकूंना न कळवता होतो.

हातांचा नियम सोपा आहे. बॉल छातीच्या वर येत असेल तर अंगठे एकमेकांजवळ, बोटं वर आणि पसरलेली. दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं मिळून इंग्रजी डब्ल्यू दिसला पाहिजे. हात बॉलच्या मागे, चेहऱ्यापुढे, कोपरं किंचित वाकलेली. बॉल छातीच्या खाली येत असेल तर उलट: करंगळ्या जवळ, बोटं जमिनीकडे, तळवे बॉलकडे. बॉल थेट पोटावर आला तर दोन्ही हात खालून घालून त्याला कवेत घ्यायचं आणि अंग थोडं पुढे झुकवायचं, म्हणजे छातीवर आपटून परत उडत नाही. घरंगळत येणाऱ्या बॉलसाठी एक गुडघा बाजूला वळवून खाली, दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ. मध्ये फट राहता कामा नये. हात चुकले तरी मागे पाय असतो.

मुलं घोळ घालतात तो कमरेपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात. बॉल तिथे आला की हात वरून घ्यायचे की खालून, हे ठरवण्यात क्षण जातो आणि बॉल मनगटाला लागून मागे पडतो. मला वाटतं तुमच्या मुलाचा तो गोलही असाच गेला असावा. त्याला विचारून बघा, पण आज नको, चार दिवसांनी.

आता यात तुमचं काम. फुटबॉल कळत नाही म्हणता ना, कळायला नको. तुम्ही हॉलच्या एका टोकाला खुर्चीवर बसा. तो चार-पाच पावलांवर उभा राहील: पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सैल, भार चवड्यांवर, हात मांड्यांपुढे. तुम्ही बॉल दोन्ही हातांनी, खालून, त्याच्या नाकाच्या उंचीवर फेका. जोर नको. आणि डोळ्यांपेक्षा कान त्याच्याकडे द्या. बॉल हातात येताना "फट्ट" असा आवाज झाला तर त्याने बॉलला चापट मारली, घेतला नाही. हात ताठ असतात, बोटं आखडलेली असतात, तेव्हा तो आवाज येतो. बॉल येताना हात त्याला भेटायला पुढे गेले आणि लागता लागता जरासे मागे आले, की आवाज जवळपास होत नाही, नुसता बोटांवर कातडं घासल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. तुम्ही फक्त "आवाज झाला" किंवा "नाही झाला" एवढंच सांगायचं. बाकी काही सांगायचं नाही. दोन-चार दिवसांत त्याचे हात स्वतःच शिकतील, आणि खालच्या काकूंनाही कळणार नाही की वर प्रॅक्टिस चालली आहे.

हे जमलं की बॉल त्याच पट्ट्यात फेका, बेंबीपासून छातीपर्यंत, एक वर, एक खाली, क्रम न ठेवता. मग त्याला पाठमोरं उभं करा. "हा!" म्हणताच तो वळेल आणि बॉल तेव्हाच सुटलेला असेल. मग त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फेका. पाय अडकले की सगळं काम हातांना आणि खांद्यांना करावं लागतं. बॉल हातात आला की प्रत्येक वेळी तो छातीशी ओढून दोन्ही हातांनी झाकायचा, मग पुढचा. ही शेवटची सवय मुलं घरी टाळतात. घरी बॉल हिसकावायला कोणी नसतं ना. मैदानात असतं.

टेनिस बॉल घरात असेलच. तो भिंतीवर मारून एका हाताने झेलणं, डाव्याने दहा, उजव्याने दहा, मग टाळी वाजवून झेलणं, हे क्रिकेटमधले स्लिपचे खेळाडू करतात तेच. लहान बॉलला नजर लावून सवय झाली की मोठा बॉल टप्पोरा दिसतो. खडबडीत कंपाउंड भिंत मिळाली तर आणखी चांगलं. बॉल तिरपा उडतो, अंदाज चुकतो, हात धावतात.

मोठ्या बॉलबद्दल: तेराव्या वर्षापासून साधारणपणे पाच नंबरचा बॉल वापरतात, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. अकादमीत जो नंबर वापरतात तोच घरी असू दे. हॉलमध्ये तो नको असेल तर फुटसालचा, म्हणजे हॉलमधल्या छोट्या फुटबॉलचा बॉल आणा. तो मुद्दाम कमी उसळतो, टीव्हीच्या दिशेने पळत सुटत नाही.

आता गच्ची. गच्ची पायांसाठी. कठड्याकडे तोंड करून शॉट मारायचे नाहीत आणि बॉल कठड्यापलीकडे गेला तर वाकून बघायचं नाही, हे दोन नियम आधी ठरवा. त्यापुढे मला तुमच्या गच्चीचा हेवा वाटतो, कारण तिथे खडूने फुटबॉलच्या गोलची जागा आखता येते.

टेप घेऊन मापा. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. पेनल्टीची, म्हणजे समोर फक्त कीपर असताना मारायच्या शिक्षेच्या किकची जागा गोल रेषेपासून ११ मीटरवर. गच्ची लहान असेल तर सगळी मापं निम्मी करा. गोलच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन बादल्या ठेवा, पेनल्टीच्या जागी एक वीट. आता दोन्ही बादल्यांपासून विटेपर्यंत सुतळी ताणा. जो त्रिकोण दिसतो तोच कीपरचा सगळा मुलूख. मुलाला आधी गोल रेषेवर उभा करा. दोन्ही सुतळ्या त्याच्यापासून साडेतीन मीटरहून लांब असतील. मग तीन मीटर पुढे या म्हणा. तिथे दोन सुतळ्यांमधलं अंतर सव्वापाच मीटरच्या आसपास उरतं. न उडता, न पडता, नुसतं चालून त्याने दोन मीटर गोल झाकला. आठवीच्या मुलाला हे भूमितीच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. मग वीट डावीकडे सरकवा, सुतळ्या पुन्हा ताणा आणि त्याला मध्यभाग शोधू द्या. पुढे येण्याची किंमतही सांगा: डोक्यावरून बॉल टाकायला जागा होते. किती पुढे यायचं याचं एक उत्तर नाही. स्ट्रायकरची मान खाली आहे की वर, त्याच्यावर दबाव आहे की नाही, यावर ते ठरतं. ते मॅच खेळून येतं.

एक फरक लक्षात असू दे. पेनल्टीला पुढे येता येत नाही. किक मारताना कीपरचा किमान एक पाय गोल रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे असावा लागतो. सुतळीचं गणित चालू खेळासाठी आहे.

पायांची चाल अशी: थोडं सरकायचं असेल तर बाजूला छोटी पावलं, पाय एकमेकांवरून न नेता, टाचा न आपटता. लांब जायचं असेल तरच एक पाय दुसऱ्यावरून टाकून धावायचं. आणि यातला खरा मुद्दा सरकण्यापेक्षा थांबण्याचा आहे. स्ट्रायकर बॉलला पाय लावतो त्या क्षणी कीपर हलत असेल, तर त्याला उलट दिशेला जाताच येत नाही. शरीराचा भार आधीच एका बाजूला गेलेला असतो. म्हणून तुम्ही टाळी वाजवा. तो बादलीपासून बादलीपर्यंत सरकत असेल आणि टाळीला जागच्या जागी थांबेल: दोन्ही पाय जमिनीवर, हात तयार, डोळे विटेवर. टाळी कधी वाजेल हे त्याला कळू देऊ नका. थांबताना तोल जाऊन एक पाऊल जास्त पडलं की तो "गोल". दहा मिनिटांत घाम फुटतो. खो-खो खेळलेल्या मुलांना हे लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे. शाळेत खो-खोचा संघ असेल तर त्याला त्यातही जाऊ द्या, फुटबॉलचं काही नुकसान होत नाही.

याच गच्चीवर आवाजाचाही सराव. वर आलेल्या बॉलसाठी बाहेर येताना "कीपर!" असं ओरडायचं असतं, ते अर्धी मुलं लाजत पुटपुटतात. बॉल वर फेका, तो एका पायावर उडी घेऊन, दुसरा गुडघा पुढे उचलून, हात वर ताणून घेईल, आणि उडी मारण्याआधी ओरडेल. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला गोलमागे उभं राहिलेल्यांना माहीत आहे, तिथे आपल्याच बचावपटूला ऐकू जायला किती घसा लागतो. शेजाऱ्यांसाठी वेळ ठरवून घ्या: संध्याकाळी साडेपाच ते सहा, दुपारी अजिबात नाही. काकूंना आधीच जाऊन सांगून या. तक्रार आल्यावर सांगण्यात आणि आधी सांगण्यात फार फरक पडतो.

डाइव्ह मात्र त्याला शिकायचीच आहे, आणि शिकायला हवीच. त्यासाठी तुम्ही जगातल्या अगदी बरोबर गावात राहता. आपल्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत. तालमीत कुस्ती आणि तालमीच्याच नावाने फुटबॉल, हे आपल्या पेठांमध्ये मुरलेलं आहे. आणि तालमीत लाल मातीचा हौदा असतो. चाळलेली माती, त्यात तेल, हळद, लिंबू, ताक घालून मळलेली, रोज खणून मोकळी केलेली. कुशीवर पडायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. जवळच्या तालमीत जा, वस्तादांना भेटा, मुलाला पाया पडायला लावा आणि सकाळी किंवा दुपारी हौदा मोकळा असताना आठवड्यातून एकदा वीस मिनिटं मागून घ्या. चपला बाहेर, बूट तर नाहीच, आणि काम झालं की माती सारखी करून यायची. वस्तादांना कीपरच्या पडण्यात रस वाटला तर नशीबच. पडून लगेच कसं उठायचं हे पैलवानाइतकं कोणाला कळत नाही. तालीम जमली नाही तर शाळेच्या मैदानावरचा लांब उडीचा वाळूचा खड्डा, आत दगड-काचा नाहीत ना ते हाताने चाळून बघितल्यावर.

तिथे क्रम चुकवायचा नाही. आधी बसून: पाय पुढे, बॉल हातात, बाजूला कलंडायचं. मग दोन्ही गुडघ्यांवर. मग उकिडवं बसून. मग उभ्याने, एक पाऊल तिरपं पुढे टाकून. मागे पडायचं नाही, नेहमी बॉलच्या दिशेने पुढे तिरपं. बॉल हातात असेल तर वरच्या अंगाआधी बॉल जमिनीला टेकतो, मग हाताची आणि खांद्याची बाजू. एक हात बॉलच्या मागे, एक वर, आणि जमीन म्हणजे तिसरा हात. खालचं कोपर बरगड्यांखाली दुमडलं गेलं तर तिथेच थांबवा आणि मागच्या पायरीवर आणा. उजव्या हाताच्या मुलांची उजवी कूस आपोआप बरी होते, म्हणून सुरुवात डावीकडून, ताजं असताना. बसून आणि गुडघ्यांवरून कलंडणं एवढं घरी जाड कापसाच्या गादीवर चालेल, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. उभ्याने नाही.

पायाने बॉल खेळणं घरी करायला विसरू नका, कीपरला वाटतं ते आपलं काम नाही. १९९२ पासून आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही. २०१९ पासून गोल किक (बॉल गोलच्या बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर कीपरच्या संघाने मारायची किक) पेनल्टी क्षेत्राबाहेर, म्हणजे गोलपुढच्या आखलेल्या मोठ्या चौकोनाबाहेर, न जाताही आपल्या खेळाडूला घेता येते, त्यामुळे खेळ कीपरच्या पायापासून सुरू होतो. पार्किंगमध्ये गाड्या नसतील त्या वेळी भिंतीवर पास मारायचा, आलेला बॉल एका पायाने थांबवायचा, दुसऱ्याने परत. डावा-उजवा आलटून पालटून. दिसायला कंटाळवाणं आहे, आहेच कंटाळवाणं. आणि २०२५ पासून नवा नियम आला आहे: बॉल हातात धरून आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक मिळते. पंच हात वर करून शेवटचे पाच सेकंद बोटांनी मोजतो. गावातल्या स्पर्धेत हा नियम कसा लावतात ते सरांना विचारा. पण घरी बॉल झेलला की उठायचं, मान वर, बादलीच्या दिशेने हाताने बॉल सोडायचा, आणि तुम्ही मोठ्याने आकडे मोजायचे.

ताकदीसाठी जिम, डंबेल काही नको. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, तेही एक दिवसाआड आणि दमछाक होईपर्यंत नाही. धुतलेले टॉवेल पिळायला त्याच्याकडे द्या. मनगटं आणि बोटं घट्ट होतात, तुमचंही काम हलकं होतं.

उंचीचं. तेराव्या वर्षी कोण किती वाढणार हे मित्रांना माहीत नसतं, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. मेक्सिकोचा होर्हे कॅम्पोस पावणेसहा फुटांपेक्षा कमी उंचीचा, आणि १९९४ व १९९८ च्या वर्ल्डकपमध्ये तो मेक्सिकोचा गोल सांभाळत होता, स्वतः डिझाइन केलेल्या भडक रंगांच्या जर्सीत. हेही खरं की आजच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये कीपर उंच लागतो. आपला कीपर गुरप्रीतसिंग संधू साडेसहा फुटांच्या जवळपास आहे. मुलाला खोटं सांगू नका. त्याला एवढंच सांगा की उंची आपल्या हातात नाही, पाय कुठे ठेवायचे ते आहे. आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमधल्या आपल्या संघाचं त्याला वाचायला द्या. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि गोलमध्ये मणिपूरचा धीरज सिंग. भारत तिन्ही मॅच हरला, तरी धीरजच्या खेळाचं कौतुक सगळीकडे झालं. गोल खाऊनही कीपर चांगला खेळलेला असू शकतो, हे त्याला तिथे दिसेल.

कारण खरी अडचण मला इथे दिसते. तो सराव करत नाही आहे, तो स्वतःला शिक्षा करतो आहे. स्ट्रायकरच्या दहा चुका लोक विसरतात, कीपरची एक घरापर्यंत येते. त्या गोलाबद्दल तुम्ही "जाऊ दे रे, काही नाही" म्हणू नका, त्याला ते खोटं वाटतं. एकदा शांतपणे "काय झालं होतं?" विचारा, तो सांगेल ते ऐका, आणि विषय संपवा. वेळ बांधून द्या: सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, वीस-पंचवीस मिनिटं, गजर वाजला की बंद, जमलं नाही तरी बंद. रविवारी मॅच नसेल तर फुटबॉलला सुट्टी. मॅचला गेलात तर गोलमागे उभ्या राहू नका, मधल्या रेषेजवळ बसा. आईचा चेहरा बघून कीपर बॉलवरची नजर काढतो.

ग्लोव्ह्ज मागेल. महागडे नको, मापाचे हवेत: बोटांच्या टोकाला थोडी जागा, बाकी घट्ट. ते मैदानासाठीच ठेवा. गच्चीच्या काँक्रीटवर आणि खडबडीत भिंतीवर तळव्याचं लेटेक्स, म्हणजे रबरासारखा पकडीचा थर, काही दिवसांत सोलून निघतं. घरी उघडे हात किंवा जुने ग्लोव्ह्ज. मॅचआधी तळवे पाण्याने ओले करायचे, कोरडं लेटेक्स नीट पकड देत नाही. नंतर कोमट पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, सावलीत वाळवायचे. उन्हात दोरीवर टाकले की कडक होऊन तडे जातात. टॉवेल पिळायला दिलेत तर ग्लोव्ह्ज मात्र पिळू देऊ नका.

शेवटी अकादमीच्या सरांबद्दल. तीस-चाळीस मुलांमागे एक माणूस असेल तर तो कीपरला जास्त वेळ देऊ शकत नाही, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. पण वॉर्मअप चालू असताना दोन्ही कीपरांनी बाजूला एकमेकांना बॉल फेकून झेलायला हरकत नसते. कुणी विचारत नाही म्हणून ते होत नाही. तुम्ही फोन करून तक्रार करू नका. मुलालाच पाठवा. शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर त्याने सरांना विचारावं, "सर, या आठवड्यात घरी माझ्या हातांचं करू की पायांचं?" सर जे सांगतील ते माझ्या सांगण्याच्या वर धरा. ते त्याला मैदानात बघतात.